दीडशेवरून थेट साडेसहाशेवर: मधली ३५० घ्यायलाच हवी का?

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आहे. वय ४३, उंची ५ फूट २ इंच. गेली अकरा वर्षं होंडाची दीडशे सीसीची युनिकॉर्न चालवतात, घर ते शाळा २२ किलोमीटर, वाटेत एक छोटा घाट. गणपतीपुळे, गोकर्ण, पंढरपूर याच गाडीवर झालंय, काही एकटीने, काही नवऱ्याला मागे बसवून. वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते साठवून ठेवलेत आणि त्यातून रॉयल एनफिल्डची सुपर मिटीऑर ६५० घ्यायची इच्छा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्यावर एकटीने कन्याकुमारीला जायचंय. शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, एकदा गाडी चालायला लागली की वजन कळतच नाही." दिरांकडे ३५० आहे, ते हसून म्हणाले, "वहिनी, पडली तर उचलणार कोण?" रायडिंग ग्रुपमधली मैत्रीण म्हणते की ३५० घेशील तर वर्षात कंटाळशील आणि पैसे दोनदा जातील. पंधरा वर्षांचा मुलगा मागे बसायला आत्तापासून तयार आहे. नवरा काहीच बोलत नाही, म्हणजे त्यांना पसंत नसावं असं बाईंना वाटतं. प्रश्न असा की थेट ६५० घेऊ की आधी ३५०, आणि या वयात हे शोभतं का.

---

नमस्कार ताई,

वयाचा प्रश्न आधी बाजूला काढू कारण त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. ४३ हे मोठी गाडी शिकायला चांगलं वय आहे. अकरा वर्षं रोज ४४ किलोमीटर, म्हणजे पावसात, उसाच्या ट्रॅक्टरमागे, शेणाच्या चिखलात, समोरून अप्पर मारत येणाऱ्या ट्रकच्या उजेडात तुम्ही गाडी चालवलीये. बाईक घेतल्या घेतल्या लडाखला निघणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराकडे हे नसतं. रस्ता वाचायची नजर तुम्हाला आधीच आलेली आहे आणि ती नजर विकत मिळत नाही. तेव्हा शोभतं का वगैरे सोडून द्या.

आता गाडीकडे येऊ. तुमच्या पत्रात एक गोष्ट धरून चाललेली दिसते, आणि ती फक्त तुमच्याच नाही तर मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत असते, की १५०, ३५०, ६५० ही जिन्याची पायरी आहे आणि पायरी मोजायची ती सीसीत. त्यामुळे प्रश्न असा पडतो की एक पायरी सोडून उडी मारू का. मला वाटतं सीसी विसरून आपण वजनाने मोजू.

तुमची युनिकॉर्न पेट्रोलसकट साधारण १४०-१४५ किलोची. सुपर मिटीऑर ६५० आहे २४१ किलोची. म्हणजे जवळजवळ एक क्विंटलचा फरक. गव्हाची पन्नास-पन्नास किलोची दोन पोती तुमच्या आत्ताच्या गाडीवर बांधली आणि वर तुम्ही बसलात असं डोळ्यासमोर आणा. त्याच कंपनीची मिटीऑर ३५० आहे १९१ किलोची, म्हणजे बरोबर मध्ये, एक पोतं जास्त.

ताकदीची भीती मात्र तुम्ही धरली असेल तर ती थोडी कमी करा. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचं लायसन एकच, १०० सीसीला जे चालतं तेच १८०० सीसीला चालतं, मध्ये कुणी परीक्षा घेत नाही. युरोपात तसं नाही, तिथे ए१, ए२ आणि ए अशा तीन पायऱ्या आहेत आणि मधल्या ए२ ला इंजिनाच्या ताकदीची ३५ किलोवॅटची मर्यादा आहे. तुम्ही बघताय ती ६५० गाडी ४७ पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती), म्हणजे साडेचौतीस किलोवॅटच्या आसपास, म्हणजे तिथल्या हिशोबाने ती मधल्या पायरीतच बसते. तिचं इंजिन संथ, गुळगुळीत आहे, थ्रॉटल जरा जास्त पिळला म्हणून अंगावर येणाऱ्यातलं नाही. इंजिन तुम्ही चार दिवसांत आपलंसं कराल. वेळ लागणार आहे तो त्या दोन पोत्यांना.

शोरूममधल्या मुलाने सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. गाडी वीस-पंचवीसच्या पुढे गेली की वजन खरंच जाणवत नाही, उलट हायवेवर वारा आला किंवा शेजारून बस गेली तर तेच वजन गाडी धरून ठेवतं, तुमच्या युनिकॉर्नसारखी ती हलत नाही. पण तुमचा दिवस काही नुसता चालत्या गाडीवर जात नाही ना. गाडी घरातून बाहेर काढायची, पेट्रोल पंपावर लायनीत एकेक फूट पुढे घ्यायची, चहाच्या टपरीवर खडीत उभी करायची, चुकून पुढे गेलो म्हणून अरुंद रस्त्यात वळवायची, रात्री लॉजच्या उतरत्या पार्किंगमध्ये लावायची. मोठी गाडी पडते ती इथे. ताशी शंभरवर जे होतं ते वेगळं आणि भयंकर, त्याबद्दल पुढे बोलतो, पण १५० वरून वर आलेल्या माणसाच्या हातून पहिल्या वर्षात गाडी आडवी होते ती बहुतेक वेळा ताशी शून्य ते पाच या वेगात.

माझं सांगतो. मी पण दीडशेवरूनच दोनशेवीस किलोच्या गाडीवर आलो, मधली पायरी न घेता. दोन महिने झाले होते, हात बसला असं वाटत होतं. महाबळेश्वरवरून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाटात दरी बघायला थांबलो, बायको मागे बसलेली. डावीकडे घेतली, ब्रेक लावला, पाय टेकवायला गेलो तर डांबराच्या कडेला जमीन वीतभर खाली होती. युनिकॉर्नसारखी गाडी असती तर मांडीने सावरली असती. ही एकदा तेवढी कलली आणि मग थांबलीच नाही. माझा घोटा खाली अडकला, बायकोचं कोपर फुटलं, आणि तिच्या बाजूला दरीचा कठडा होता म्हणून, नाहीतर काय ते मला अजून आठवायला नको वाटतं. वेग काहीच नव्हता. थांबतच होतो. त्या दिवसापासून मी थांबायच्या आधी जागा बघतो, म्हणजे गाडी बघतो तशी नाही, पाय कुठे पडणार ती जागा बघतो. ही सवय दीडशेवर लागतच नाही कारण तिथे तिची गरजच पडत नाही.

यातून तुमच्या उंचीचा मुद्दा येतो. तुम्ही लिहिलंय की या गाडीवर दोन्ही पाय पूर्ण टेकतात म्हणून ती तुम्हाला जमेल असं वाटलं. सीट ७४० मिमीची आहे, खरंच खाली आहे, तुमच्या युनिकॉर्नची आठशेच्या जवळ जाते. पाय टेकणं चांगलंच, पण शोरूमच्या टाइल्सवर ते तपासलंत आणि शोरूमच्या टाइल्स सपाट असतात. साताऱ्याच्या पेठांतला उतार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एक साधा प्रयोग करा, सीटवर बसून ती गाडी पायांनी ढकलत चार फूट मागे घेऊन बघा, नुसत्या सपाटीवर नाही तर बारीकशा चढावर. आणि एकदा खाली उतरून, हँडल धरून, बाजूने ढकलत फिरवून बघा. बसून पाय टेकण्यापेक्षा याने जास्त कळतं. तुमच्या घरापुढची जागा कशी आहे ते पत्रात नाही, पण तिथे गाडी तोंड उताराकडे करून लावायची वेळ येत असेल तर नीट विचार करा, कारण २४१ किलो उलट्या चढाने एकटीला ओढता येत नाही, मलाही येत नाही. अशा ठिकाणी गाडी लावतानाच उलटी आत घ्यायची, म्हणजे निघताना तोंड बाहेर. आणि उभी करताना गिअरमध्ये टाकून, न्यूट्रलला नाही.

तुमच्या दिरांनी विचारलं तो प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला पण प्रश्न चांगला आहे, आणि त्याला उत्तर आहे. पडलेली गाडी हाताच्या जोराने कुणीच उचलत नाही, उचलायला गेलं की कंबर जाते. आधी इंजिन बंद, पेट्रोल गळतंय का बघायचं. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर आधीच साइड स्टँड उघडायचा, म्हणजे उभी झाली की पलीकडे जाणार नाही, आणि शक्यतो पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. मग गाडीकडे पाठ करायची, सीटला आपला मागचा भाग टेकवायचा, एका हाताने हँडल पूर्ण वळवून धरायचं, दुसऱ्या हाताने मागचा ग्रॅब रेल किंवा खालची फ्रेम, पाठ सरळ, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत जायचं. मांड्यांची ताकद लागते, दंडाची नाही. तुमच्या चणीच्या बायकांनी याहून जड गाड्या अशा उचललेल्या मी बघितल्यात. पण हे गाडी घेतल्यावर नाही, घेण्याआधी शिका. ओळखीत कुणाकडे जुनी क्रॅश गार्ड लावलेली जड गाडी असेल तर दोघांनी धरून ती गवतावर आडवी ठेवा आणि तुम्ही एकटीने उचला. एकदा जमलं की मनातली अर्धी धास्ती जाते, आणि नाही जमलं तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आता दुसरी एक गोष्ट धरून चाललाय ती म्हणजे लांब जायचं तर मोठी गाडी लागते. तुम्ही गोकर्णला युनिकॉर्नवर गेलात ताई! तुम्हाला कुणी सांगितलं की टूरिंग अजून सुरू व्हायचंय? दुचाकीला चारपदरी हायवेवर कायद्याची मर्यादा ताशी ८० आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आपल्याला जाता येत नाही, समृद्धीवर जाता येत नाही, म्हणजे मोठी गाडी तासन् तास एका वेगाने पळवायला जे रस्ते आहेत तेच नेमके दुचाकीला बंद. राहतो तो आपला पुणे-बेंगळुरू, ४८ नंबरचा हायवे, आणि त्यात सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामात किती डायव्हर्जन आणि किती धूळ आहे ते तुम्ही रोज बघता. या रस्त्यांवर एक ३५० दिवसभर ८०-८५ ला आरामात चालते, तिचा जीव काही वर येत नाही.

मग ६५० देते काय? देते, आणि ते मी कमी लेखणार नाही. त्याच ८५-९० ला तिचं इंजिन अर्ध्या झोपेत असतं, दोन सिलिंडर असल्यामुळे हातापायाला मुंग्या येत नाहीत, चारशे किलोमीटर झाल्यावर उतरलं तरी अंगात गाडी घुमत नाही. ओव्हरटेक करताना गिअर न पाडता ट्रक मागे पडतो, त्यामुळे उलट्या लेनमध्ये तुम्ही राहता तो वेळ कमी होतो, ही सुरक्षेची गोष्ट आहे. मागे माणूस आणि सामान असलं तरी घाटात दम लागत नाही. तुम्ही बहुतेक वेळा मुलाला किंवा नवऱ्याला मागे घेऊन लांब जाणार असाल तर ६५० चं पारडं जड होतं. एकटीने, सारखं थांबत, आडवाटेने एखादं मंदिर, एखादा बंधारा बघत जाणार असाल तर ३५० चं. तुमच्या पत्रात गोकर्णच्या प्रवासाबद्दल जे लिहिलंय, की वाटेत मिठागरं दिसली म्हणून कच्च्या रस्त्याने आत गेलात आणि तासभर बसलात, ते वाचून मला वाटलं की तुमचा प्रवास दुसऱ्या प्रकारचा आहे. २४१ किलोची गाडी घेऊन माणूस त्या कच्च्या रस्त्याने आत वळताना दोनदा विचार करतो. मी करतो. आणि बऱ्याचदा सरळ निघून जातो, हे मला स्वतःला आवडत नाही पण होतं तसं.

कन्याकुमारीचं जरा स्पष्ट सांगतो. जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटरच्या आसपास होतं, बेंगळुरूपर्यंत ४८ आणि पुढे सेलम, मदुराई, तिरुनेलवेली करत ४४, रस्ता सगळा चांगला आहे. महिना चुकीचा आहे. मे मध्ये मदुराईच्या पट्ट्यात दुपारी जे ऊन असतं त्यात जॅकेट, हेल्मेट घालून हवेवर आणि ऑइलवर थंड होणारं मोठं इंजिन मांड्यांत धरून बसायचं म्हणजे दहानंतर गाडी चालवणं धोक्याचंच, उष्माघात हळूच येतो, आधी चिडचिड होते, मग अंदाज चुकतात. दिवाळीची सुट्टी घ्यावी तर ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत परतीचा पाऊस. त्यातल्या त्यात दिवाळी बरी, दोन दिवस हातचे राखून. पण कुठलीही गाडी घ्या, पहिल्या सुट्टीत कन्याकुमारी नको. पहिल्या सुट्टीत हंपी करा. साडेचारशे-पाचशे किलोमीटर, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गदग, मध्ये एक मुक्काम घेतला तर दिवसाला अडीचशे. हुबळीपर्यंत हायवे, पुढे थोडा वेगळा रस्ता, हंपीत खडक आणि माती, म्हणजे नव्या गाडीबद्दल जे कळायला हवं ते सगळं त्या चार दिवसांत कळतं, आणि काही बिघडलं तर घर एका दिवसाच्या अंतरावर असतं.

मैत्रिणीच्या म्हणण्याकडे येतो, पैसे दोनदा जातील हे. नवी ३५० घेऊन वर्षात विकली तर जातीलच, मान्य. पण दोन-तीन वर्षांची वापरलेली ३५० नीट बघून घेतली, वर्षभर चालवली आणि विकली तर तोटा फारसा होत नाही कारण मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. दुसऱ्या बाजूला ६५० चे आकडे पण मांडून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के, त्यामुळे आधीच असलेला फरक वाढून ६५० ची शोरूमची किंमत ३५० च्या जवळपास दुप्पट झालीय. नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० ला तो ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७, कर वेगळा. टायर महाग, आणि जड गाडी ते खाते पण लवकर. मोडणारा खर्च नाही हा, फरकाच्या हप्त्यात बसेल, पण बसवताना मी एक गोष्ट आधी काढून ठेवायला सांगेन: चांगलं हेल्मेट, खांद्या-कोपराला आणि पाठीला आर्मर, म्हणजे मार झेलणारे पॅड, असलेलं जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, घोटा झाकणारे जाड सोलचे बूट, हातमोजे. तीस-चाळीस हजार धरा. जाड सोलने उंचीत पण सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर मिळतात, तुमच्यासाठी तो फायदा वेगळा. बऱ्याच जणी नवऱ्याच्या मापाचं जॅकेट घालतात, तसं करू नका, सैल जॅकेटमध्ये पडताना आर्मर सरकतं आणि कोपर उघडं पडतं.

आणि काहीही घेतलंत तरी युनिकॉर्न विकू नका. शाळेला तीच न्या. मोठी गाडी रोजच्या २२ किलोमीटरला जुंपली की दोन महिन्यांत तिच्यावरचं प्रेम आटतं, ट्रॅफिकमधली गरमी, पार्किंगची कटकट, पेट्रोल.

मग नेमकं करायचं काय? बुकिंग तीन महिने पुढे ढकला. पुण्यात ३५० भाड्याने मिळतात, दोन वेगवेगळ्या शनिवार-रविवारी घ्या. नंबर प्लेट काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं आहेत ना एवढं बघा, पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणारे असतात, अपघात झाला तर विमा हात वर करतो. पहिल्या वेळी दिवे घाट, सासवड, नारायणपूर असा छोटा फेरा. दुसऱ्या वेळी वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी आणि परत. घाटात एक गोष्ट लक्ष देऊन करा. वळणावर आपण गाडी अंगाने वळवतो असं वाटतं पण खरं तर डावीकडे वळताना डावं हँडल नकळत पुढे ढकलतो आणि गाडी डावीकडे कलते. हलक्या गाडीवर हे आपोआप होऊन जातं, कळतही नाही. जड गाडी मात्र सांगितल्याशिवाय कलत नाही, ती सरळ जायला बघते आणि माणूस घाबरून ब्रेक दाबतो, मग वळणाच्या बाहेर. म्हणून तीस-चाळीसच्या वेगात, मोकळ्या सरळ रस्त्यावर, मुद्दाम हलकेच ढकलून बघा गाडी कशी ऐकते ते.

तुमच्याकडे एक अशी गोष्ट आहे जी बाकीच्यांकडे नसते, शाळेचं मैदान. मुख्याध्यापकांना विचारून रविवारी सकाळचा एक तास घ्या. पाण्याच्या बाटल्या मांडा. चालत्या माणसाच्या वेगाने सरळ रेषेत गाडी चालवायची, पाय खाली न सोडता, क्लच अर्धा, थोडा थ्रॉटल, आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला. या वेगात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक अजिबात नाही, पुढचा ब्रेक लागला की गाडी तिथेच झोपते. मग आठाचा आकडा. मग यू-टर्न, आधी दहा मीटरमध्ये, जमला की आठ, मग सात, आणि नजर चाकासमोर नाही तर जिथे जायचंय तिथे, मान पूर्ण वळवून. हे आधी युनिकॉर्नवरच करा, फुकट आहे आणि तिथे जमलं नाही तर मोठ्या गाडीवर जमायचा प्रश्नच नाही. माती असेल तर ब्रेकचा सराव तिथे करू नका, तो रिकाम्या डांबरी रस्त्यावर करा, चाळीसवरून पूर्ण ब्रेक, मग साठवरून, दोन्ही ब्रेक एकदम पण पुढचा झटक्यात न ओढता दाबत नेत. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागला की लिव्हर बोटाखाली थरथरतो, पहिल्यांदा माणूस दचकून सोडून देतो. सोडायचा नाही, हेच शिकायचं.

वेगाबद्दल म्हटलं होतं बोलतो. साठच्या वेगात एका सेकंदात गाडी १७ मीटर जाते, शंभरला २८. समोर कुत्रं आलं हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढा एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच अकरा मीटरचा फरक पडला. आणि शंभरच्या गाडीत साठच्या पावणेतीन पट ऊर्जा असते, ती ब्रेकने जिरवायची. युनिकॉर्न ऐंशीच्या पुढे आवाज करून, थरथरून सांगते की पुरे आता. ६५० सांगत नाही. शंभर कधी झाले ते कळत नाही, काटा बघितल्यावर कळतं. मोठ्या गाडीच्या वेगाची मला भीती वाटते ती एवढ्याचसाठी, आणि तुम्ही पहिले दोन महिने दर काही मिनिटांनी काट्याकडे बघायची सवय लावून घ्यावी असं मनापासून वाटतं.

तीन महिन्यांनी ३५० वर हे सगळं जमत असेल तर शोरूममध्ये जाऊन ६५० ची लांब टेस्ट राइड मागा, दोन किलोमीटरची नको, अर्धा तास तरी, आणि त्यात एक यू-टर्न आणि एक चढावरचा थांबा मुद्दाम घ्या. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. त्यानंतरही तीच हवी वाटली तर थेट घ्या, मधली ३५० विकत घ्यायची काही गरज नाही, पायरी तुम्ही भाड्याने चढलेली असेल. सरळच विचारलंत म्हणून सांगतो, तुमचं पत्र वाचून माझा कल ३५० कडे आहे, त्या मिठागरांमुळे. पण ६५० बघून तुमचा जीव तिच्यात अडकला असेल तर ते कारण पुरेसं आहे, त्याला कन्याकुमारीचं निमित्त जोडायला नको. फक्त दीर हसले म्हणून घेत नाही ना, एवढं एकटीने बसून एकदा तपासा, कारण पत्रात त्यांचं ते वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय.

मुलाला पहिले सहा महिने मोठ्या गाडीवर मागे बसवू नका, तो कितीही हट्ट करू दे. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे पन्नास-साठ किलो, तेही उंचावर आणि हलणारं वजन, थांबताना गाडी कलली की तो घाबरून नेमका त्याच बाजूला झुकतो. बसवायची वेळ येईल तेव्हा त्याला पण हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं, मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवून घ्या आणि टायरची हवा दोघांच्या वजनाच्या हिशोबाने भरा, पुस्तिकेत आकडा असतो. गाडी थांबताना हलायचं नाही, आणि उतरायचं ते तुम्ही सांगितल्यावरच, हे त्याच्याकडून आधी उभ्या गाडीवर दहा वेळा करून घ्या.

आणि तुमचे मिस्टर. ते बोलत नाहीत म्हणजे नाराज आहेत हे तुम्ही ठरवलंत, त्यांनी सांगितलं नाही. आंबेनळीनंतर माझी बायको चार महिने गाडीबद्दल एक शब्द बोलली नव्हती, मी समजत राहिलो की रागावली आहे. शेवटी विचारलं तर म्हणाली, मला परत बसायचंय पण बसल्यावर मी कशाला धरायचं आणि तू थांबणार आहेस हे मला कसं कळायचं ते कुणी सांगतच नाही. मग आम्ही ठरवलं, थांबायच्या आधी मी तिच्या गुडघ्यावर दोनदा थापटतो. अजूनही थापटतो. तुमच्या मिस्टरांना पैशाची काळजी असेल, तुमच्या जिवाची असेल, किंवा तुम्ही एकटीने जाणार म्हणताय यात त्यांना कुठे जागा आहे हेच कळत नसेल. त्या रविवारी मैदानावर त्यांनाच घेऊन जा, बाटल्या मांडायला आणि यू-टर्न टेपने मोजायला माणूस लागतोच, आणि पडलेली गाडी तुम्ही उचलाल तेव्हा ती बघायला ते तिथे असू देत.